एकोणीसशे की चोवीसशे: कचेरीतल्या लेखणीच्या मोलाचा मागोवा

तहसील कचेरीत पगाराचा विषय निघाला की आजही दोन आकडे कानावर येतात: एकोणीसशे आणि चोवीसशे. सातव्या वेतन आयोगाने ग्रेड पे काढून टाकला, एस-६, एस-८ असे वेतनस्तर आणले. पण कर्मचाऱ्यांच्या तोंडून ग्रेड पे काही गेला नाही. महसूल सहायक, ज्याला कालपरवापर्यंत लिपिक म्हणत आणि त्याआधी कारकून, तो एकोणीसशेवाला. त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये. तलाठी चोवीसशेवाला, त्याचे २५,५००. त्याच इमारतीत साहेबांच्या दाराशी बसणारा शिपाई १५,०००पासून सुरू होतो. जुलै २०२४मध्ये राज्यातल्या महसूल कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा महसूल सहायकाला चोवीसशेत बसवा, ही मागणी त्यांच्या यादीत होती.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उभे राहून या मागणीकडे पाहिले की तिच्या मागे बरेच काही दिसू लागते. सरकारचा कागद लिहिणाऱ्या माणसाचे मोल काय, ते कोणी द्यायचे, कशातून द्यायचे आणि कोणाच्या शेजारी बसवून ठरवायचे, हे प्रश्न कृष्णाकाठी दोनशे वर्षे या ना त्या रूपात उठत आले आहेत. सरकारने जेव्हा जेव्हा उत्तर टाळले, तेव्हा तेव्हा ते मोल रयतेच्या खिशातून गेले. म्हणून हा वाद मला कर्मचाऱ्यांइतकाच शेतकऱ्याचाही वाटतो.

सुरुवात कुलकर्ण्यापासून करावी लागते. पेशवाईत गावचा कुलकर्णी पगारदार नव्हता, वतनदार होता. इनाम जमीन, वसुलीतला ठरलेला हक्क, आणि सणावारी, लग्नकार्यात मिळणारा मान असा त्याचा मोबदला. परगण्याच्या पातळीवर हेच काम देशपांडे करी. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे. दप्तर कुलकर्ण्याच्याच घरी असे. कोणाची जमीन किती, कोणाची थकबाकी किती, कोणता शेतकरी कोणत्या साली बुडाला, हे सारे त्या दप्तरात. गावात वाचता येणारी घरे मोजकीच. अशा ठिकाणी ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात गाव, आणि वतनाच्या कागदावर लिहिलेल्या हक्कापेक्षा ही सत्ताच त्याची मोठी मिळकत होती.

१८१८ साली सातारा कंपनीच्या हाती आला. जेम्स ग्रँट डफ रेसिडेंट म्हणून आला आणि प्रतापसिंह महाराजांच्या नावाने राज्याची घडी बसवू लागला. पुढे १८४८मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. इतकी उलथापालथ झाली, पण गावातला लिहिणारा बदलला नाही. कंपनीला वसूल हवा होता आणि वसुलाची भाषा कुलकर्ण्याला येत होती. मुंबई इलाख्यात मोजणी करणाऱ्या विंगेटने पाटील-कुलकर्ण्यांच्या मोबदल्याची एक पद्धत घालून दिली. गावच्या वसुलाच्या प्रमाणात तो ठरे. कामाचा बोजा किती, दप्तर नीट आहे की नाही, हे त्यात मोजलेच जात नव्हते. त्याच इलाख्यात गुजरातेकडे पगारी तलाटी होते. इकडे, दख्खनेत, वतन चालू राहिले.

याच साम्राज्याने वरच्या थरात वेगळा विचार केला होता. अठराव्या शतकाच्या शेवटी कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये युरोपीय अधिकाऱ्यांचे पगार भरघोस वाढवले. कमी पगाराचा अधिकारी लाच खाणार, हे त्याला कळले होते. ते शहाणपण कारकुनापर्यंत मात्र कधी उतरले नाही. कलेक्टरच्या सहीखाली जाणारा मजकूर लिहिणारा देशी माणूस तुटपुंज्यावर ठेवायचा आणि मग त्याच्या हाताला चिकटपणा आहे म्हणून ओरडायचे, ही रीत तेव्हापासूनची.

या रीतीचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने मांडला तो जोतीराव फुल्यांनी. त्यांचे मूळ घराणे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. कुलकर्णी आणि कचेऱ्यांमधले कारकून अडाणी शेतकऱ्याला कसे नागवतात, हे त्यात फार संतापाने आले आहे. तो संताप जातीच्या मक्तेदारीवर आहेच. पण त्याखाली प्रशासनाची एक रोखठोक समजही आहे: लेखणी एकाच वर्गाच्या घरात राहिली आणि तिच्यावर देखरेख नसली, तर शेतकऱ्याला दोनदा सारा भरावा लागतो, एकदा सरकारला आणि एकदा लिहिणाऱ्याला. कारकुनांच्या पगारावर लिहिताना फुल्यांना सोडून पुढे जाणे मला शक्य नाही. आजच्या कर्मचाऱ्याची बाजू घेणाऱ्याने हा जुना आरोप आधी ऐकून घेतला पाहिजे.

१८७४मध्ये वंशपरंपरागत नोकऱ्यांचा मुंबई कायदा झाला. वतन कायदा म्हणून तो ओळखला जातो. कुलकर्णी त्याच कायद्याखाली आणि महारही त्याच कायद्याखाली. एकाने कागद लिहायचा, दुसऱ्याने तो उन्हातान्हात तालुक्याला पोचवायचा. दोघेही सरकारचे काम करीत, आणि दोघांच्याही मोबदल्याचा मोठा वाटा गावाकडून येई. फरक असा, की कुलकर्ण्याच्या हातात वही होती आणि महाराच्या हातात काठी. बलुते मिळाले तर मिळाले. दिले नाही तर दाद मागायला जागा नव्हती.

इथे साताऱ्याची एक आठवण सांगायलाच हवी, कारण श्रेणी केवळ सरकार ठरवत नाही, समाजही ठरवतो, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. लष्करातून निवृत्त झालेले रामजी सकपाळ साताऱ्यात राहायला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचे, भीमरावाचे, नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रामजींना खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपालाची नोकरी मिळाली. सरकारी पैसा मोजायचा आणि लिहायचा, हे काम. १९०१मध्ये मुले त्यांना भेटायला रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. जात कळताच गाडीवाला मिळेना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे या अटीवर. वाटेत पाणीही मिळाले नाही. आंबेडकरांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. बाप सरकारच्या तिजोरीचा हिशेब राखतो, या गोष्टीचा त्या रस्त्यावर कवडीचा उपयोग झाला नाही.

याच आंबेडकरांनी मार्च १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. बलुत्याच्या जागी रोख आणि खात्रीचा मोबदला यावा, हा त्याचा गाभा. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. महार वतन जायला १९५८चा कायदा यावा लागला. सरकारी कामाचे पैसे सरकारनेच, रोख आणि ठरलेल्या दराने द्यावेत, ही मागणी आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे मांडली गेली ती लेखणीवाल्यांकडून नव्हे, तर टपाल वाहणाऱ्यांकडून. वेतनाच्या इतिहासात हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. तो पहिल्या पानावर असायला हवा.

मधल्या काळात शेजारी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी घाव घातला होता. १९१८मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. बहुजन समाजातल्या तरुणांना या कामाचे शिक्षण देऊन त्यांना त्या जागांवर बसवले. कुलकर्ण्यांनी परिषदा भरवल्या, अर्जविनंत्या केल्या, वर्तमानपत्रांतून टीका केली. महाराज हलले नाहीत. आजच्या तलाठ्याचा चोवीसशेचा ग्रेड पे या निर्णयाच्या रांगेत उभा आहे. दप्तर घरातून उचलून चावडीत आणायचे तर लिहिणाऱ्याला घरची मिळकत सोडावी लागणार, आणि तिची भरपाई पगाराने करावी लागणार. पगार हा इथे सुधारणेचा पाया होता. तो कमी ठेवला असता तर नाव तलाठी आणि वागणे कुलकर्ण्याचे, असेच झाले असते.

संस्थानांतले चित्र सगळीकडे असे नव्हते. औंध संस्थानात कारकुनी करणाऱ्या एका घरात ग. दि. आणि व्यंकटेश हे माडगूळकर बंधू वाढले. आटपाडी, माडगूळ हा तो दुष्काळी टापू, आज सांगली जिल्ह्यात. गावात कारकुनाचे घर म्हणजे मानाचे घर. पण मान आणि मिळकत यांची गाठ पडेलच असे नव्हते. माडगूळकरांच्या घरची ओढाताण मराठी वाचकाला ठाऊक आहे. गावाच्या नजरेत वरची पायरी आणि पगाराच्या पुस्तकात खालची, हा पेच कारकुनाच्या वाट्याला तेव्हापासून आला आणि त्याने कधी पाठ सोडली नाही.

१९४२च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे मोर्चे निघाले ते सगळे तहसील कचेऱ्यांवर. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे मेली. लोकांना परके सरकार दिसत होते ते कचेरीच्याच रूपात. लंडन आणि दिल्ली दूर होत्या. पुढे नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे सुरू केले, तेव्हा त्या कचेरीची गरजच काही काळ गावांना उरली नाही. कचेरीतल्या माणसाला त्या दिवसांत काय वाटले असेल? त्याचा भाऊ बाहेर झेंडा घेऊन उभा असू शकत होता.

स्वातंत्र्यानंतर पाच-दहा वर्षांत सगळे चौकटबंद झाले. संस्थाने विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला. त्यालाच २१ नोव्हेंबर १९६० रोजी सांगली हे नाव मिळाले. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपली. आता गावापासून जिल्ह्यापर्यंत लिहिणारा प्रत्येक माणूस पगारदार झाला. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशा निरनिराळ्या दरबारांच्या छायेत वाढलेली माणसे एका राज्याच्या आस्थापनेत आली, आणि श्रेणी या शब्दाला आज आहे ते वजन आले. मोबदला वसुलाच्या हिश्शातून सुटला आणि तक्त्यातल्या ओळीला बांधला गेला.

कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि १९२४मध्ये साताऱ्याला आली. तिच्या वसतिगृहांतून शिकलेल्या, घरात पहिल्यांदाच अक्षर आलेल्या मुलांपुढे दोनच सरळ वाटा होत्या: मास्तरकी आणि कारकुनी. फुल्यांनी ज्या लेखणीची भीती सांगितली, ती आता शेतकऱ्याच्याच मुलाच्या हातात आली. या घरांत लिपिकाची नेमणूक म्हणजे पावसावर न लटकणारा पहिला पैसा. त्याच्या पगारावर धाकटी भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली, विहिरी खोदल्या गेल्या. माण-खटाव-जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात ही गोष्ट घरोघर सापडते. म्हणूनच इथे ग्रेड पेच्या पाचशे रुपयांवर माणसे भावनेने बोलतात.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि लिहिणाऱ्यांचे दोन प्रवाह झाले. एक कलेक्टर कचेरीचा, दुसरा जिल्हा परिषदेचा. आज एका बाजूला महसूल सहायक आणि तलाठी, दुसऱ्या बाजूला कनिष्ठ सहायक, वरिष्ठ सहायक आणि ग्रामसेवक. तलाठ्याने गाव नमुना १ ते २१ सांभाळायचे, ज्यातल्या सात आणि बारा क्रमांकांची जोडी प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडात बसली आहे. ग्रामसेवकाने ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने ठेवायचे. गाव एकच, दप्तरे दोन, खाती दोन. पण तालुक्याच्या आस्थापनेत बसून नस्ती चालवणाऱ्या, टिपणी लिहिणाऱ्या, बारनिशीत टपाल नोंदवणाऱ्या माणसाला दोन्हीकडे पहिली पायरी तीच, १९,९००ची.

यातच भाषेचा बदल झाला. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली आणि मराठी टंकलेखनाला मागणी आली. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी सहापासून बॅचेस भरत. यंत्रांचा तो एकसुरी खडखडाट रस्त्यावर ऐकू येई. लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीचे मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४०. लघुलेखकांची श्रेणी तर थेट वेगावरच उभी आहे: मिनिटाला ८० शब्द घेणारा लघुटंकलेखक, १०० शब्दांचा निम्नश्रेणी लघुलेखक, १२० शब्दांचा उच्चश्रेणी. सरकारी सेवेत इतकी उघड, घड्याळ लावून ठरलेली पायरी दुसऱ्या कुठल्या संवर्गात मला दिसत नाही. तरीही वेग ही फक्त आत येण्याची अट. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत कोण काय बोलले, त्यातले काय लिहायचे, काय गाळायचे, कुठला शब्द उद्या न्यायालयात उभा राहील, हे वेगाच्या परीक्षेत येत नाही.

हा मुद्दा लघुलेखकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. समान कामाला समान वेतन हे तत्त्व न्यायालयाने १९८२मध्ये दिल्लीच्या पोलिस खात्यातल्या एका चालकाच्या खटल्यात, रणधीर सिंग प्रकरणात, ठामपणे मांडले. त्याच आधारावर सीमाशुल्क आणि केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यातल्या लघुलेखकांचा महासंघ न्यायालयात गेला. दिल्लीच्या सचिवालयातला लघुलेखक आणि आमच्या कचेऱ्यांतला लघुलेखक एकच काम करतो, मग वेतनश्रेणी दोन का, असा त्यांचा सवाल. १९८८मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. कामाचे प्रमाण सारखे असले तरी जबाबदारी आणि विश्वासार्हता यांत फरक असू शकतो, आणि तो ठरवणे प्रशासनाचे काम, असे न्यायालयाने धरले. या निकालाने देशभरच्या कचेऱ्यांतली एक वाट अरुंद झाली. मुंबईतल्या मंत्रालयाकडे बोट दाखवून साताऱ्याच्या कर्मचाऱ्याने बरोबरी मागावी, तर उत्तर तयार असते: तिथली जबाबदारी वेगळी. मला हे उत्तर अर्धेच पटते. धोरणाचा कागद मुंबईत तयार होतो हे खरे; पण पुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरते तेव्हा पंचनाम्यांची यादी रात्र जागून तालुक्याचा कर्मचारी करतो, आणि त्या यादीतला एक राहिलेला नंबर एका घराची मदत अडवतो. ही जबाबदारी कुठल्या तराजूत घालायची?

तुलना कोणाशी करायची, हा प्रश्न जगभर वेतनाच्या वादाच्या मुळाशी आहे. ब्रिटनमध्ये १९५५च्या प्रीस्टली आयोगाने सरकारी नोकराचा पगार बाहेरच्या तशाच कामाच्या पगाराशी जुळता असावा असे तत्त्व दिले. आपल्याकडे खालच्या थरातल्या कर्मचाऱ्याची तुलना खासगी कंपनीशी होत नाही; तो केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याकडे पाहतो. मिरजेत हे डोळ्यांसमोर दिसते. मिरज मोठे जंक्शन. रेल्वेचा कारकून आणि तहसीलचा कारकून एकाच बाजारात ज्वारी घेतात, मुलांना एकाच शाळेत पाठवतात. एकाला केंद्राचा महागाई भत्ता, दुसऱ्याला राज्याचा. ज्वारीचा भाव दोघांना एकच.

हीच टोचणी १९७७च्या संपात बाहेर पडली. राज्याने आधी बडकस आणि मग भोळे असे स्वतःचे वेतन आयोग नेमले होते. पण केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळत नव्हता. १४ डिसेंबर १९७७ रोजी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि ५४ दिवस बाहेर राहिले. कचेऱ्या, शाळा, दवाखाने बंद. दोन पगार बुडाले. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. सांगलीचे दादा, १९४३मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले, साखर कारखान्यातून शेतकऱ्याला उभे करणारे. त्यांची बाजू अशी की राज्याचा पैसा आधी गावाला, पाण्याला, रस्त्याला; कर्मचारी त्यामानाने सुस्थितीत. कर्मचाऱ्यांची बाजू अशी की महागाई कोणाची सुस्थिती विचारून येत नाही. दोन्ही बाजूंना याच मातीतली माणसे होती, त्यामुळे गावागावांत घरे दुभंगली. शेतकरी बाप विचारी, तुला महिन्याला मिळते तेवढे मला वर्षाला मिळत नाही, मग तू संप कसला करतोस? फेब्रुवारी १९७८मध्ये कर्मचारी हाती काही ठोस न घेता परतले. त्याच वर्षी सरकार बदलले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाल्यावर केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याचा निर्णय झाला. त्यानंतर राज्याने कमीअधिक उशिराने केंद्राचाच कित्ता गिरवला: १९८६, १९९६, २००६, २०१६.

दादांची बाजू मला हिणवावीशी वाटत नाही. पण एक गोष्ट त्या बाजूने सुटली असे मी म्हणेन. शेतकऱ्याच्या दारात सरकार पोचते ते याच कर्मचाऱ्याच्या पायांनी. त्याला अर्धपोटी ठेवून शेतकऱ्याचे भले होत नाही. फुल्यांनी लिहिलेला दुसरा सारा तिथूनच सुरू होतो. आणि पगार वाढूनही जो कर्मचारी सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी हात पुढे करतो, तो आपल्या संघटनेच्या प्रत्येक मागणीचा पाया स्वतः उकरतो. संघटनांनी हे दुसरे वाक्यही पहिल्याइतक्याच मोठ्या आवाजात म्हटले पाहिजे.

पुढची चाळीस वर्षे पायऱ्यांच्या दुरुस्तीत गेली. तो तपशील कंटाळवाणा आहे, पण माणसांची आयुष्ये त्यात अडकली आहेत. लिपिक म्हणून लागलेला माणूस बढतीच्या जागा नसल्याने वीस वर्षे त्याच खुर्चीत बसे. म्हणून १ ऑक्टोबर १९९४पासून बारा वर्षांनंतरची कालबद्ध पदोन्नती आली. तिचीच आजची आवृत्ती म्हणजे दहा, वीस आणि तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजना. काम तेच, खुर्ची तीच, पगार मात्र वरच्या पायरीचा. उलट प्रकार नायब तहसीलदारांच्या बाबतीत झाला. १९९८मध्ये त्यांचे पद वर्ग तीनमधून वर्ग दोनमध्ये गेले; दर्जा वाढला, वेतन जागेवर राहिले. पंचवीस वर्षांनी, एप्रिल २०२३मध्ये, तहसीलदार आणि नायब तहसीलदार ४८०० ग्रेड पेसाठी संपावर गेले ते याच कारणाने. सातव्या आयोगातल्या त्रुटींसाठी बक्षी समिती बसली, तिच्या शिफारशींवर २०२३मध्ये आदेश निघाले. तरी तक्रारी उरल्या म्हणून २०२४मध्ये मुकेश खुल्लर यांची समिती आली. प्रत्येक समिती काही संवर्गांना वर उचलते, आणि त्यामुळे शेजारचा संवर्ग आपोआप खाली गेल्यासारखा होतो. मग त्याची तक्रार पुढच्या समितीकडे.

२०२४मध्ये नावेही बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाला, अव्वल कारकून सहायक महसूल अधिकारी, ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी मिळून ग्रामपंचायत अधिकारी. नावाचा मान कर्मचाऱ्यांनी मागितला होता आणि तो त्यांना मिळाला, यात वाईट काही नाही. १९९८चा अनुभव असा की दर्जा आधी देऊन पगार नंतर पाहू म्हटले, तर तो नंतरचा दिवस पाव शतकाने येतो.

पगाराइतकीच खोल चीर निवृत्तिवेतनाने पाडली. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना एस-६चे दोन लिपिक. एकाला म्हातारपणी ठरलेली पेन्शन, दुसऱ्याच्या वाट्याला २०२३पर्यंत तरी बाजारावर अवलंबून असलेली रक्कम. १४ ते २० मार्च २०२३ या दिवसांत ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी रस्त्यावर आले, ते या विषमतेमुळे. आणि तरीही त्याच वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. पेन्शन गेली, पगारावर वाद, तरी या नोकरीसाठी एवढी रांग. शेतीत आणि लहान शहरांच्या बाजारात काय मिळते, हे त्या रांगेने सांगितले.

आता या साखळीतल्या सगळ्यात नव्या लिहिणाऱ्याकडे येतो, आणि मला वाटते खरा अन्याय आज इथे आहे. २०११मध्ये ‘संग्राम’ या नावाने ग्रामपंचायतींत संगणक आला आणि त्याच्यापुढे एक तरुण मुलगा किंवा मुलगी बसली: संगणक परिचालक. २०१६पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव आले. जन्माची नोंद, रहिवासी दाखला, घरपट्टीचा उतारा, ग्रामपंचायतीचे ३३ नमुने, घरकुलाच्या याद्या, जो कागद आज गावकऱ्याच्या हातात पडतो तो बहुतेक वेळा या परिचालकाने टाइप केलेला असतो. पूर्वी ज्याला लेखनिक म्हटले असते तो हाच. त्याला एस-६ नाही, एस-१सुद्धा नाही. तो सरकारचा नोकर नाही, जिल्हा परिषदेचा नाही, ग्रामपंचायतीचाही नाही. मधल्या कंपनीचा माणूस. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने दरमहा बारा हजारांवर रक्कम द्यायची, आणि परिचालकाच्या हातात कित्येक वर्षे सहा-सात हजारच पडायचे, तेही महिनोनमहिने थकून. म्हणजे गावाचा पैसा, गावाचे काम, आणि मोबदला मधल्या हाताने कापून दिलेला. पगारी तलाठी आणून शाहू महाराजांनी जी पद्धत मोडली, तिचाच एक प्रकार संगणकासकट परत उभा राहिला. सप्टेंबर २०२३मध्ये सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला, कारण लाखो बेरोजगार तरुणांना त्यात आपले भविष्य दिसले. परिचालक त्या भविष्यात आधीपासून राहत आहेत.

त्यांनी आझाद मैदानावर धरणे धरले, नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे नेले. २०२४मध्ये मानधन वाढून १०,००० रुपयांवर आले. एकोणीसशे-चोवीसशेच्या वादात उतरायलाही आधी तक्त्यात एक ओळ लागते, आणि परिचालकांची मूळ मागणी त्या ओळीचीच आहे: ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात आमचे पद घाला, आणि ते होईपर्यंत किमान वेतन द्या.